दहा-बारा वर्षांच्या पिकअपची दुखणी : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत मालवाहू पिकअपविषयीची पत्रे इतकी आहेत की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. कांदा, टोमॅटो, मासळी, विटा, मंडपाचे सामान असा कोणताही माल निमूटपणे वाहणारी ही गाडी ग्रामीण महाराष्ट्रात घरटी नसली तरी वाडीगणिक दिसते. यातल्या बहुतेक गाड्या २०१० ते २०१९ या काळात घेतलेल्या असून त्यांच्या दोन पिढ्या आहेत. जुन्या पिढीत पंप आणि नोजलवर चालणारी साधी इंजिने अधिक आहेत, तर एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी पद्धत), सेन्सर आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) आले. दुखणी पुष्कळशी सारखी असली तरी निदानाची पद्धत वेगळी आहे. पत्रांतील कंपन्यांची आणि गॅरेजांची नावे वगळली आहेत, कारण येथे चर्चा झिजेची आणि देखभालीची आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०१२ सालची डिझेल पिकअप आहे. मीटरवर तीन लाख चाळीस हजार किलोमीटर झाले आहेत. हंगामात कांदा पिंपळगाव आणि लासलगावला नेतो, एरवी भाडे मारतो. काही महिन्यांपासून गाडी निळसर धूर टाकते आणि हजार किलोमीटरमागे सुमारे लिटरभर ऑइल घालावे लागते. एक मिस्त्री म्हणतात, ‘बॅक कॉम्प्रेशन आहे, फुल इंजिन करा.’ दुसरे म्हणतात, रिंगा बदलून भागेल. मुलाचे मत आहे की ही विकावी आणि नवी गाडी हप्त्यावर घ्यावी. काय करावे? — कांदा उत्पादक, तालुका निफाड

उत्तर : दोन्ही मिस्त्रींनी मोजमाप न घेता निदान सांगितले आहे, म्हणून तूर्त दोघांचेही बाजूला ठेवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, एवढेच त्यावरून निश्चित होते. ते कोणत्या वाटेने सिलिंडरमध्ये जाते हे धूर सांगत नाही. धूर केवळ सकाळी पहिल्यांदा सुरू करताना येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्यावा. चढावर, भरल्या गाडीला जोर दिल्यावर तो वाढत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यावर घ्यावा. टर्बोकडून (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याकडून) निघणारी हवेची नळी सोडवून पाहिली असता आत ऑइल साचलेले आढळले, तर टर्बोचे सील गेलेले असू शकते; अशा गाडीचे इंजिन उघडून उपयोग नाही, कारण नवीन रिंगा टाकूनही धूर तसाच राहतो. इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी तुंबली, तरी ऑइल वर ढकलले जाते आणि ही नळी साफ करायला डिझेल आणि कापड यापलीकडे काही लागत नाही.

बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांच्या कडेने खाली गळणे, पाहण्याची गॅरेजमधली पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच. इंजिन गरम असताना आणि संथ चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून उलटे तोंडावर ठेवतात. झाकण थोडेसे थरथरले तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण ते उडून पडत असेल आणि भोकातून भात शिजताना येते तशी सलग वाफ येत असेल, तर रिंगांच्या कडेने दाब खाली उतरतो आहे. तरीही ही केवळ सूचना असते. खरी परीक्षा कॉम्प्रेशन गेजची. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्यावा आणि सर्वांत चांगला व सर्वांत वाईट यांच्यातला फरक पाहावा. हा फरक सुमारे दहा टक्क्यांच्या आत असेल आणि सगळे आकडे कंपनीने दिलेल्या किमान मर्यादेच्या वर असतील, तर इंजिन खोलण्याची घाई करू नये. एकच सिलिंडर खाली असेल, तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग आधी तपासावे. चारही सारखेच खाली गेलेले असतील, तर मात्र झीज सर्वत्र आहे असे समजावे.

रिंगा की फुल इंजिन, हा वाद हेड उतरवल्यावर बोअर गेजने मिटतो, मतांनी नाही. सिलिंडर वरच्या भागात जास्त झिजतो आणि हळूहळू किंचित लंबगोल होतो. अशा बोअरमध्ये नवीन गोल रिंगा बसवल्या तर त्या भिंतीला सगळीकडून टेकत नाहीत. चार-सहा महिने धूर कमी झाल्यासारखा वाटतो आणि पुन्हा मूळपदावर येतो. म्हणून मोजमाप मर्यादेबाहेर असेल तर रिबोअर किंवा नवे लायनर, नवे पिस्टन आणि क्रँकचे मोजमाप हे काम एकदाच पूर्ण करावे. मर्यादेच्या आत असेल, तर होनिंग (बोअरची भिंत हलकेच घासणे) करून रिंगा आणि बेअरिंग बदलणे पुरेसे होते, आणि त्या स्थितीत दुसरे मिस्त्री बरोबर ठरतील.

पैसे खर्च करण्यापूर्वी हे इंजिन झिजले कशाने, हेही शोधायला हवे, नाहीतर नवे इंजिनही त्याच वाटेने जाईल. माझ्या पाहण्यात शेतमालाच्या गाड्यांची इंजिने किलोमीटरने कमी आणि धुळीने जास्त मरतात. एअर क्लीनरच्या डब्याची एखादी क्लिप तुटलेली असते आणि डबा तारेने बांधलेला असतो, किंवा फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला क्लॅम्पपाशी बारीक चीर गेलेली असते. फिल्टरच्या पुढची, म्हणजे इंजिनाकडची नळी सोडवून आतून स्वच्छ पांढऱ्या कापडाने पुसावी. कापडावर मातकट धूळ आली, तर ती फिल्टरला वळसा घालून आत जात होती हे सिद्ध झाले. ही धूळ ऑइलमध्ये मिसळून रिंगा आणि बोअर यांच्यामध्ये पॉलिश पेपरचे काम करते. फिल्टर बदलल्याची पावती असली, तरी डबा हवाबंद नसेल तर तिला अर्थ नाही.

दुसरे कारण पाणी. विहिरीचे किंवा बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये भरले की ब्लॉकच्या आत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पापुद्रे धरतात. गाडी तापते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकतो आणि मग ती कामाच्या तापमानाला लवकर पोहोचत नाही. थंड इंजिन जास्त झिजते आणि ॲव्हरेजही पडते. रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. साधारण एक बार जास्तीचा दाब धरून ठेवणारे झाकण ठीक असेल तर आतले पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, स्प्रिंग ढिली झालेली असेल तर १०० अंशांनाच. तेव्हा कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण, चांगले झाकण आणि योग्य अंशाचा थर्मोस्टॅट हे इंजिनाच्या कामाच्या अंदाजपत्रकातच धरावे.

आता विकण्याबद्दल. माझे मत असे आहे की निर्णय इंजिनावर घेऊ नये, चासीवर घ्यावा. इंजिन पुन्हा नवे करता येते. चासी वाकली, तडकली किंवा गंजून गेली तर तिच्यावर केलेला कोणताही खर्च टिकत नाही. चासी सरळ आणि निरोगी असेल, स्टिअरिंग आणि गिअर बॉक्स ठीक असतील आणि इंजिन, क्लच व ब्रेक यांचा एकत्रित खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आत बसत असेल, तर मी काम काढण्याच्या बाजूने आहे. नव्या गाडीचा हप्ता कांद्याला भाव नसलेल्या महिन्यातही भरावा लागतो, ही गोष्ट मुलाच्या हिशेबात घातलेली दिसत नाही. उलट गाडी भाड्यासाठी रोज लांब पल्ल्यावर धावत असेल आणि वाटेत बंद पडल्याने गिऱ्हाईक तुटत असेल, तर मुलाचे म्हणणे योग्य ठरते. काम केलेच, तर पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरपर्यंत पूर्ण माल भरू नये, इंजिन ताणू नये आणि त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलावेत. कांद्याचा हंगाम तोंडावर असताना इंजिन उघडू नये, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आमची पिकअप नारायणगावहून टोमॅटो घेऊन माळशेज घाटाने कल्याणला जाते. मागे बसते म्हणून दोन वर्षांपूर्वी प्रत्येक बाजूला एक जादा पाटा टाकून घेतला. तेव्हापासून पुढचे ब्रेक पॅड फार लवकर संपतात, आणि भरलेली गाडी उतारावर थांबवताना पुढून वाकते. मागचे लायनर मात्र जसेच्या तसे आहेत. अधूनमधून ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो. मिस्त्रींना मागच्या ड्रममध्ये दोष सापडत नाही. — टोमॅटो उत्पादक, तालुका जुन्नर

उत्तर : मिस्त्रींना ड्रममध्ये दोष सापडणार नाही, कारण तो बहुधा ड्रममध्ये नाहीच. तुमच्या पत्रात दोन स्वतंत्र दोष एकत्र आले आहेत आणि पहिल्याचे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे, ते म्हणजे जादा पाटा.

अनेक पिकअपमध्ये मागच्या हाउसिंगच्या (मागच्या चाकांच्या आसाच्या आवरणाच्या) वर, चासीला एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्यापासून एक दांडी हाउसिंगपर्यंत आलेली असते. माल भरला की हौदा खाली बसतो, चासी आणि हाउसिंग यांच्यातले अंतर कमी होते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो. गाडी रिकामी असताना तोच व्हॉल्व्ह मागचा दाब कमी ठेवतो, जेणेकरून पावसात मागची चाके जाम होऊन शेपूट फिरणार नाही. थोडक्यात, गाडीत किती माल आहे हे ब्रेकला केवळ मागची बाजू किती बसली यावरूनच कळते. जादा पाटा टाकल्यावर भरलेली गाडीही उंचच राहते, व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच असते आणि दीड टन मालासह ती थांबवण्याचे जवळजवळ सगळे काम पुढच्या पॅडांवर पडते. ते लवकर संपणारच, आणि घाटात तापून त्यांची पकडही कमी होणार.

यावर काही गॅरेजांत दांडी तारेने एका जागी बांधून टाकतात किंवा व्हॉल्व्ह काढून नळी सरळ जोडतात. हे करू देऊ नका. रिकामी गाडी परतताना ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होतील. शक्य असल्यास जादा पाटे काढून मूळ पाटे नव्याने कमान देऊन किंवा बदलून घ्यावेत आणि दांडीची लांबी कंपनीच्या मापाप्रमाणे लावून घ्यावी. ‘पण मग गाडी बसते’ असे तुम्ही म्हणाल. मूळ पाट्यांवर गाडी जास्त बसत असेल, तर माल आरसी बुकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. पाटा वाढवल्याने हाउसिंग, हब बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची क्षमता वाढत नाही, फक्त त्यांच्यावरचा भार डोळ्यांना दिसेनासा होतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे, ती वेगळीच.

दुसरा दोष पेडल दगडासारखा होण्याचा. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरसाठी लागणारा व्हॅक्यूम वेगळ्या पंपाने तयार होतो आणि अनेक जुन्या पिकअपमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या पाठीमागे जोडलेला असतो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करावा, मग तो दाबून धरलेलाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेला पाहिजे. गेला नाही, तर पंप, त्याची रबरी नळी, नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह आणि बूस्टर या क्रमाने तपासणी करावी. अल्टरनेटरच्या मागे ऑइलचा ओघळ दिसत असेल, तर शोध तिथेच संपण्याची शक्यता मोठी आहे. ही दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी माळशेजला नेऊ नये. दुरुस्तीनंतरही, डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची किंवा चावी फिरवण्याची सवय चालकाला असेल तर ती मोडावी. इंजिन बंद म्हणजे पंप बंद आणि चार-दोन ब्रेकनंतर पेडल दगड. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो चढ चढते, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

प्रश्न : मिरकरवाड्याहून कोल्हापूरला मासळी नेणारी माझी पिकअप नऊ वर्षांची आहे. इंजिन उत्तम आहे. मात्र मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ (पाटे चासीला जोडणाऱ्या कड्यांजवळ) चासीला गंज धरून पापुद्रे सुटत आहेत आणि एका ठिकाणी बारीक तडा दिसतो. वेल्डिंग करून वर जाड पट्टी मारून देतो असे वेल्डर म्हणतो. दरवर्षी जळके ऑइल मारत होतो, तरीही असे का झाले? — मासळी वाहतूकदार, रत्नागिरी

उत्तर : कोकणातली दमट हवा एकटी एवढे करत नाही; मासळीच्या क्रेटमधून गळणारे बर्फाचे खारट पाणी करते. ते हौद्याच्या फटींतून आडव्या पट्ट्यांवर, चासीच्या पोकळ भागात, ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर आणि मागच्या ड्रमवर पडत राहते. जळक्या ऑइलचा थर बाहेरून बसतो, चासीच्या आतल्या बाजूला पोहोचत नाही. शिवाय ते पाट्यांचे रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगवते आणि त्यावर बसलेली माती ओल धरून ठेवते. हा उपाय आता बंद करावा असे मला वाटते.

तड्याबद्दल घाई करू नये, आणि दिरंगाई त्याहून नको. आधी हौदा उतरवून चासी उघडी करावी. यात एक दिवसाचे भाडे बुडेल, पण वरून पाहून या भागाचा अंदाज येत नाही. मग लहान हातोडीने संपूर्ण लांबीवर ठोकत जावे. निरोगी पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, गंजून पातळ झालेल्या जागी तो बसका येतो आणि पापुद्रे गळतात. हँगरच्या आसपासची जागा, केबिनच्या मागची जागा आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे येथे जास्त वेळ द्यावा. बसका आवाज एखाद्या वीतभर भागात असेल तर दुरुस्ती शक्य आहे. दोन्ही बाजूंना सलग येत असेल तर उत्तम इंजिनाचे समाधान मानून गाडी निवृत्त करावी. घाटात हँगर सुटला तर हाउसिंग तिरपे होते आणि पुढचे काही चालकाच्या हातात राहत नाही.

दुरुस्ती करण्याजोगी असल्यास वेल्डरला काही गोष्टी आधी बजावून सांगा. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडल्याशिवाय तो वेल्ड करू नये, नाहीतर तडा वेल्डच्या पुढून पुन्हा सरकतो. वर मारायची पट्टी दोन्ही टोकांना चौकोनी न ठेवता निमुळती कापावी आणि चासीच्या वरच्या व खालच्या कडेवर आडवा वेल्ड मारू नये, कारण सर्वांत जास्त ताण त्या कडांवरच येतो आणि नवा तडा नेमका तिथून निघतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढावी आणि ईसीएम असलेल्या गाडीत त्याचे कनेक्टरही सोडवावेत. जवळून जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या बाजूला घ्याव्यात आणि त्यांच्यावर खड्डे पडलेले दिसले तर त्याच दिवशी बदलाव्यात.

काम झाल्यावर गंज पूर्ण घासून, इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्यावा, पोकळ भागात मेणयुक्त गंजरोधक फवारावे आणि चासीची पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवावीत. रोज माल उतरवल्यावर गोड्या पाण्याने खालून धुणे हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. हौद्याला खाली पन्हळ आणि टाकी बसवून मासळीचे पाणी त्यातच साठवले, तर चासीही वाचेल आणि आंबा घाटाच्या वळणांवर त्या पाण्यामुळे घसरणारे दुचाकीस्वारही वाचतील. आणखी एक, चासी नंबर जिथे कोरलेला आहे ती जागा जपा. तो गंजाने पुसट झाला तर पासिंगला अडचण येते आणि तो स्वतः पुन्हा ठोकून घेणे हा गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी आरटीओची परवानगी घ्यावी लागते.

प्रश्न : २०१८ च्या कॉमन रेल पिकअपमध्ये खत आणि मल्चिंग पेपर भरून वाईहून पसरणी घाट चढताना मध्येच इंजिनाची खूण असलेला दिवा लागतो आणि गाडीचा जोर जातो. बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ ठीक चालते. एका गॅरेजने चारही इंजेक्टर बदलण्याचा खर्च सांगितला आहे. — स्ट्रॉबेरी उत्पादक, पाचगणी परिसर

उत्तर : गाडी स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी करते आहे. चावी फिरवल्यावर दिवा गेला तरी त्याचा कोड बहुधा ईसीएममध्ये राहतो, म्हणून बॅटरीची वायर काढण्यापूर्वी स्कॅनर लावून तो वाचावा आणि लिहून ठेवावा. कोड न वाचता इंजेक्टर बदलणे म्हणजे रक्त न तपासता शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

केवळ चढावर भरल्या गाडीला जोर जात असेल, तर रेलमधला दाब टिकत नाही किंवा टर्बोची हवा गळते, या दोन शक्यता पुढे येतात. पहिल्यासाठी सुरुवात डिझेल फिल्टरपासून करावी. तो तुंबलेला असला तरी सपाटीवर गाडी चालते, पण जास्त डिझेल लागू लागले की कमी पडतो. फिल्टरखालचा पाणी काढण्याचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्यावे आणि काही मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर पंप आणि इंजेक्टर यांच्या झिजेचे मूळ सापडले. दुसऱ्या शक्यतेत काळा धूर येतो आणि जोर देताना बॉनेटमधून हवा सुटल्याचा फुस्स आवाज येतो. टर्बो ते इंटरकूलर या नळीला खालच्या बाजूने चीर गेलेली असते आणि ती वरून दिसत नाही.

हे दोन्ही ठीक असल्यावरच इंजेक्टरांकडे वळावे, आणि तेही रिटर्नची परीक्षा करून. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक पारदर्शक बाटली लावून इंजिन काही मिनिटे चालवतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते, तो इंजेक्टर आतून गळतो आहे. अनेकदा असा एकच निघतो. नवा बसवताना त्याच्यावर छापलेला कोड ईसीएमला द्यावा लागत असेल, तर तो दिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाकारावा. तिचा व्हॉल्व्ह साफ करता येतो.

प्रश्न : माझी डिझेल पिकअप पुढच्या वर्षी दहा वर्षांची होईल. ती आपोआप स्क्रॅपमध्ये जाणार, असे गावात सगळे सांगतात. त्यामुळे तिच्यावर खर्च करावा की नाही कळत नाही. — मंडप व्यावसायिक, जालना जिल्हा

उत्तर : दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरील बंदी राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांतून आली असून ती दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती आहे. जालन्यात तिचा संबंध नाही. पिवळ्या नंबरप्लेटच्या मालवाहू गाडीचे आयुष्य येथे तिच्या फिटनेसवर, म्हणजे आपल्या भाषेत पासिंगवर अवलंबून आहे. आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते, म्हणजे तुमचे आता दरवर्षी होत असणारच. आठ वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण कर लागतो आणि गाडीचे वय वाढेल तशी पासिंगची फीही वाढते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील गाड्या सक्तीने बाद होऊ लागल्या त्या सरकारी मालकीच्या. खासगी मालकाला स्क्रॅपचे धोरण ऐच्छिक आहे. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिल्यास जे ठेव प्रमाणपत्र मिळते, त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. भंगारवाल्याला रोखीने गाडी दिली तर हे प्रमाणपत्र मिळत नाही आणि आरटीओच्या दप्तरात गाडी तुमच्याच नावावर राहते, हे विसरू नये.

तेव्हा वयाची भीती न बाळगता ब्रेक, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, टायर आणि दिवे यांवर खर्च करावा. पासिंगला हेच पाहिले जाते आणि मंडपाचे खांब घेऊन रात्री-अपरात्री फिरणाऱ्या गाडीला हेच लागते. हौद्यामागचे आणि फाळक्यावरचे रिफ्लेक्टर फाटले असतील तर पासिंगची वाट न पाहता बदलावेत.

प्रश्न : जॉइंट शाफ्टचे (गिअर बॉक्सकडून मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याचे) दोन्ही क्रॉस नवीन टाकले, तेव्हापासून चाळीस-पन्नासच्या वेगाला गाडी पूर्वीपेक्षाही जास्त थरथरते. क्रॉस चांगल्या प्रतीचे आहेत. — दूध वाहतूकदार, तालुका उदगीर

उत्तर : काम करताना शाफ्टचा सरकता सांधा ओढून वेगळा केला असावा आणि परत बसवताना तो दातांवर एखाद-दुसरे घर पुढे-मागे बसला असावा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान, म्हणजे क्रॉस ज्यांत बसतो ते फाटे, एकाच रेषेत असावे लागतात. ते किंचित जरी तिरपे बसले तरी शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात थांबत-धावत फिरतो आणि थरथर येते. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून खाली शिरावे आणि दोन्ही कान डोळ्यांनी एका रेषेत आहेत का ते पाहावे. बहुतेक शाफ्टवर जुळवणीसाठी बाणाची खूण असते, पण ग्रीस आणि मातीखाली ती दिसत नाही. डिझेलने पुसल्यावर दिसेल. खूण जुळवून बसवल्यावरही थरथर राहिली, तर मधल्या बेअरिंगचे रबर फाटले आहे का ते पाहावे, आणि तेही ठीक असेल तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्यावा. पुढच्या वेळी सांधा उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंचने एकेक ठिपका मारून घ्यायला मिस्त्रींना सांगा. खडूची खूण ग्रीसच्या हाताने पुसली जाते.